मॅडमचा हात

मॅडमच्या हातातल्या पिपेटच्या टोकाला एक थेंब लोंबत होता आणि तो हलत होता. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. तीन वर्षं जपलेल्या नमुन्याची ती शेवटची कुपी होती; तसा नमुना पुन्हा मिळणार नव्हता. मॅडमनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. तरी थेंब नळीत न पडता टेबलावर पडला.

त्यांनी पिपेट खाली ठेवलं. "हे कधीपासून बघतेयस?"

"दिवाळीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

काय बोलणार? पिपेट कसं धरायचं हे मला याच हाताने शिकवलं होतं. शास्त्रज्ञाचं आयुष्य आपण शोधनिबंधांवरून ओळखतो. पण त्यातली कितीतरी वर्षं अशा एकेका थेंबावर गेलेली असतात, आणि बोटं थकल्याची नोंद कुठल्याच निबंधात नसते.

मॅडम स्टुलावरून उठल्या. "बस. उरलेलं तू कर."

"माझा हात थरथरला तर?"

"भीतीने थरथरेल. श्वास सोडलास की थांबेल. माझा आता थांबत नाही."

मी बसले. हात थरथरलाच. मी श्वास सोडला, आणि थेंब नळीत गेला. मी वळून पाहिलं. उजवा हात ॲप्रनच्या खिशात खुपसून मॅडम उभ्या होत्या.

"माझ्याकडे नको बघूस," त्या म्हणाल्या. "नळीकडे बघ. अजून अकरा आहेत."