ओउलूला न गेलेले काका

ओउलू या गावाबद्दल जगात सर्वांत जास्त बोलणारा माणूस फिनलंडमध्ये राहत नाही, तो अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये माझ्या शेजारच्या घरात राहतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ओउलू म्हणजे फिनलंडच्या उत्तरेकडचं, समुद्रकाठचं एक मध्यम गाव. आमचे हे काका मूळचे नागपूरचे. मोबाइल नेटवर्कच्या कामासाठी अठरा वर्षं ते रोज सकाळी सातला ओउलूच्या टीमबरोबर कॉलवर बसले, पण गावात पाऊल म्हणून टाकलं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेतला माणूस देशाबाहेर गेला, की परतताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का, आमच्या भाषेत 'स्टॅम्पिंग', लागतो. तो अडकला, तर घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं इकडे आणि आपण तिकडे. आमच्यातले निम्मे लोक याच धाकात जगतात. त्या धाकापायी काकांनी ओउलूचं तिकीट चार वेळा कॅन्सल केलं.

न पाहिलेल्या गावाची त्यांची माहिती मात्र दमवणारी आहे. हिवाळ्यात मी दारातला बर्फ उपसून कंबर धरून उभा असतो, तेव्हा हे कानटोपी घालून सायकलवर स्टेशनकडे निघालेले असतात. "ओउलूत आधी सायकलचे रस्ते साफ करतात, मग गाड्यांचे!" असं ओरडून सांगताना ते एकदा माझ्याच ढिगाऱ्यात पडले. काकूंनी आठ दिवस त्यांचा गुडघा शेकला आणि माझ्याशी अबोला धरला. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, त्यांनी ओउलूचा इतिहास काढला. तिथले लोक पाइनच्या लाकडापासून डांबर काढायचे, पिंपं भरून होडीने नदीतून बंदरात आणायचे आणि जगभरची लाकडी जहाजं बुडाला फासलेल्या त्या डांबरावर तरंगायची. गावच्या किल्ल्यातल्या दारूगोळ्यावर वीज पडून किल्लाच उडाला, हे ऐकल्यावर पोरं जरा खूश झाली. मुलगी मला हळूच म्हणाली, "बाबा, can we please cut the cake now?"

माझी नोकरी गेली त्या दिवशी हे चहाला आले आणि ओउलूत फोनचा धंदा बसला तेव्हा इंजिनिअरांनी तिघाचौघांत मिळून छोट्या छोट्या कंपन्या कशा काढल्या, ते तासभर सांगत बसले. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्यांनी माझा रिझ्युमे सहा ठिकाणी पाठवला होता. त्यातल्याच एका ठिकाणी मी आज काम करतो.

या सगळ्या माहितीचा उगम म्हणजे पेक्का, तिकडच्या टीमचा प्रमुख. बोलायला अगदी कंजूष. थंडी किती म्हणून विचारलं, की "वजा बावीस. नॉर्मल," एवढंच. पण प्रत्येक नाताळाच्या आधी तो न चुकता विचारायचा, "या वर्षी येतोस? सौना तापवतो." सौना म्हणजे त्यांची घरातली वाफ घ्यायची खोली. काका म्हणायचे, "नेक्स्ट इयर."

यंदा मार्चमध्ये काकांचं ग्रीन कार्ड आलं. त्यांनी गल्लीभर बर्फी वाटली, पाचव्यांदा तिकीट काढलं आणि पंधरा दिवसांनी तेही कॅन्सल केलं. मी थकून विचारलं, "आता काय अडलं, काका?"

"पेक्का रिटायर झाला. स्पेनला राहायला गेला."

"स्पेनला?"

"थंडी सोसवत नाही म्हणतो."

मला हसू फुटलं. काका हसत नव्हते, तेव्हा मी तोंड आवरलं. बाकीच्या टीमचं विचारलं, तर ते काम कंपनीने पुण्याला हलवलं होतं.

"मग नुसतं गाव बघून या की. तुम्हाला तर सगळे रस्ते पाठ आहेत."

"रस्ते पाठ आहेत रे," ते म्हणाले. "पण गावाला गेल्यावर 'आलास का?' म्हणायला एक तरी माणूस लागतो यार."

इतकी वर्षं या माणसाला चुकवण्यासाठी मी गॅरेजच्या दाराने ये-जा केली होती, त्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "चला, मी येतो तुमच्याबरोबर. जूनमध्येच जाऊ."

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुझं स्टॅम्पिंग झालंय का?"

झालं नव्हतं. मी म्हणालो, "नेक्स्ट इयर, काका."