लवाडामावशीची सव्वाचार पौंडी

ऑर्व्हलकाकांकडे बंदूक घेऊन गेलं, तर ते आधी बंदुकीकडे बघायचेच नाहीत. शेडच्या दाराशी टेकवलेली हिकरीच्या झाडाची काठी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "चल, चढाला लाग." मग अर्धा तास आपण पुढे, ते मागे. पाय कुठं अडखळतो, दम कधी लागतो, थकल्यावर काठी कुठल्या हातात जाते, एवढंच बघायचे. त्यानंतर बंदूक टेबलावर यायची.

आमच्या लॉरेल फोर्कच्या डोंगरात बंदूक म्हणजे एकनळी. एक काडतूस घालायचं, एकदा उडवायची, की पुन्हा मधोमध उघडायची. जुन्या एकनळ्या आखूड नि हलक्या करून द्यायचं काम ऑर्व्हल टेनींनी चाळीस वर्षं केलं. "दिवसभर वाहायची असते ती, उडवायची एखाद्या वेळी. मग वाहण्याचा विचार कोण करणार?" असं म्हणायचे. चकचकीत सामान लावून मागणाऱ्या शहरी हौशांना ते उभं करायचे नाहीत. लाकूडकंपनीच्या साहेबाला तर दारातूनच परत पाठवला. मी तेव्हा शेडमध्ये त्यांच्या मदतीला असायची; समोरच होते, टाळ्या वाजवल्या.

त्या ऑगस्टमध्ये लवाडा साइझमोर आली. वय एकाहत्तर. वसंतात तिला अर्धांगाचा झटका आला होता आणि डावा हात नुसता लोंबायला लागला होता. सोबत तिची पोरगी रेनिटा, ओहायोहून आलेली. रेनिटाला आईला तिकडे न्यायचं होतं. शेवटी दोघींचं ठरलं, ते तिनंच आम्हाला सांगितलं: खारींच्या शिकारीचा हंगाम सुरू होईल त्या शनिवारी आईनं एकटीनं, आपली बंदूक घेऊन, बीच रिजच्या डोंगरमाथ्यावर जाऊन यायचं. जमलं तर रेनिटा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं.

"आणि बंदूक उडवलेली मला ऐकू आली पाहिजे," रेनिटा म्हणाली. "नाहीतर ही पहिल्या वळणावर बसून राहील आणि येऊन थापा मारील."

"तुझ्यावर गेले नाहीये मी," लवाडामावशी म्हणाली.

मी चिडून काहीतरी बोलणार होते. काकांनी मावशीच्या हातात काठी दिली.

त्या दिवशी मीही मागून गेले. धुकं ओढ्यावरून उठून झाडांच्या कमरेपर्यंत आलं होतं. पुढे मावशी, पाय दिसत नव्हते, नुसती तरंगत चालली होती. वर कुठंतरी खार हिकरीची फळं कुरतडत होती आणि सालीचे तुकडे पानांवरून टपटप गळत होते, धुक्याच्या आतच पाऊस पडावा तसे. मावशी थांबली, मान वर केली, विसरूनच गेली की आम्ही आहोत. काकाही विसरले. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग काका तीन आठवडे शेडमधून बाहेर पडले नाहीत. मावशीची बंदूक साडेसहा पौंडांची होती, एकोणिसाव्या वर्षी जंगलातल्या औषधी जिनसेंगच्या मुळ्या खणून, विकून घेतलेली. काकांनी नळी कायद्यात बसेल एवढीच आखूड केली. दस्ता मागून आतल्या आत पोखरला. पुढचं लाकूड तासून काकडीएवढं केलं. पट्टा असा लावला की बंदूक उजव्या कुशीत लटकावी आणि एका हातानं वर यावी. रोज मासे तोलायच्या तराजूवर वजन करायचे. पाच. पावणेपाच. साडेचार. सव्वाचार झाली तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "धर. आहे का काही हातात?" खरंच, काही नसल्यासारखंच वाटलं. जवसाच्या तेलाचा वास तेवढा होता.

मावशीनं पहिला बार काढला आणि ती मागच्या गवतात बसली. खांदा संध्याकाळपर्यंत जांभळा.

हलकी बंदूक लाथ मारते, हे काकांनी शंभर जणांना सांगितलं असेल.

"चाळीस वर्षांत ही चूक केली नव्हती," ते म्हणाले. "वजन कमी करायच्या नादात उडवायचं विसरलोच मी." त्यांनी दस्त्याच्या पोकळीत शिसं भरलं. मावशी ते घेऊन चढावर गेली आणि दहाव्या पावलाला झाडाला टेकली.

"काढ ते शिसं, ऑर्व्हल."

"अगं, खांदा मोडशील!"

"खांदा माझा आहे. हे ओझं घेऊन मी रिजवर पोचत नाही, आणि पोचले नाही तर ओहायोत खिडकीशी बसून गाड्या मोजायच्या. काढ."

चार दिवस उरले होते. काकांनी शिसं काढलं, आणि मग काडतुसंच बदलली. स्वतः भरली, दारू कमी घालून, इतकी मऊ की बार म्हणजे दूरच्या घराचं दार लागल्यासारखा. "पण छर्रा लांब जाणार नाही," ते म्हणाले. "खार पार डोक्यावर येईतो थांबावं लागेल."

"मला कुठं गाडी पकडायची आहे?"

शनिवारी उजाडताना मावशी धुक्यात शिरली. रिजच्या खाली आम्ही तिघं काकांच्या ट्रकवर बसलो. आठ वाजले. नऊ वाजले. ठिकठिकाणी इतरांचे दणदणीत बार होत होते, प्रत्येकाला रेनिटा दचकायची आणि काका मान हलवायचे, "हा तिचा नव्हे." दहाला रेनिटा उठली. "पुरे झालं. मी वर जाते."

"जरा थांब," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण ती थांबली.

आणि तेव्हा वरून, पानांच्याही पलीकडून, हलकंच काहीतरी बंद झाल्यासारखं ऐकू आलं.

"हा कसला आवाज?"

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिचाच," ते म्हणाले.

मावशी साडेअकराला खाली आली. कमरेला एक खार, केसांत हिकरीच्या साली, आणि चेहरा झोपेतून उठलेल्या माणसासारखा. कशी मारली ते तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की खार सारखी जवळ जवळ येत होती, आणि बघताना बार काढायचं राहूनच जात होतं.

दुपारी तिनं खार तळली, पिठाची ग्रेव्ही केली. रेनिटानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग पावानं ताटली पुसत म्हणाली, "पुढच्या शनिवारी फोन कधी करू?"

"दुपारनंतर कर," लवाडामावशी म्हणाली. "सकाळी मी घरी नसते."