विहीणबाईंसाठी पाच वाक्यं

लेकीच्या होणाऱ्या सासूशी चार शब्द सरळ बोलता यावेत, एवढ्यासाठी मी साठी उलटल्यावर इटालियन शिकायला बसले. लेक तिकडं इटलीत, पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलाच्या आईला इंग्रजीही धड येत नाही, मराठी तर लांबच राहिली. आणि ती बाई जानेवारीत मुलाला घेऊन आमच्या घरी, सांगलीला येणार होती.

"लेक हाय की मधी सांगायला," आमचे हे म्हणाले. हे मूळचे फलटणकडचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि बोलणं अजून तिकडचंच. "तुझ्या मराठीलाच लोक भ्यात्यात, आता आनि इटालियन कशापायी?"

मी ऐकते होय! चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, व्याकरण म्हणजे माझ्या हातचा मळ, असा माझा तोरा. पुण्याची एक मुलगी ऑनलाइन शिकवते म्हणून कळलं. तिला पैसे भरले आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मोबाईल डब्याला टेकवून वर्ग सुरू झाला.

पहिले दोन महिने बरे गेले. मग आलं ते 'सगळ्यात जास्त' कसं म्हणायचं याचं प्रकरण, आणि माझं गाडं तिथंच रुतलं. त्यांच्याकडं याचे दोन प्रकार. एकात 'इल पिउ' किंवा 'ला पिउ' लावायचं आणि कुणाकुणात ते सांगायचं. वर्गात सगळ्यात उंच, घरात सगळ्यात हट्टी. हे मला लगेच समजलं. पहिला नंबर, दुसरा नंबर यातच माझा जन्म गेला. पण दुसऱ्या प्रकारात शब्दाला नुसती 'इस्सिमो'ची शेपटी लावायची. बाई असेल तर 'इस्सिमा'. 'ब्रावा' म्हणजे चांगली, हुशार, गुणाची. तिची झाली 'ब्राविस्सिमा'.

"कुणापेक्षा?" मी विचारलं.

"कुणापेक्षाच नाही, काकू. नुसतीच. खूपच."

"अगं, पण कुणापेक्षा तरी असेलच ना? वर्गात दुसरी मुलं नकोत?"

"नाही काकू. यात तुलनाच नसते."

मी वहीत लिहून घेतलं, पण डोक्यावरून गेलं. तुलना नाही तर पोरगी एवढी चांगली आहे हे ठरवलं कुणी? त्यातून काही शब्द शेपटी न लावता भलतंच रूप घेतात. चांगल्याचं 'ओत्तिमो', वाईटाचं 'पेस्सिमो'. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "आपलं 'लय' बरं. फुडं लावलं की झालं, बाई-बुवा बघाय नको."

सरावाला पाच वाक्यं लिहायची होती, घरातल्या माणसांवर. मी मनात म्हटलं, उगाच कशाला वाया घालवा, विहीणबाई आल्यावर बोलायचीच वाक्यं तयार करू. आता आपल्याकडं मुलीच्या आईनं अशा वेळी काय बोलायचं हे ठरलेलं आहे. माझ्या आईनं माझ्या सासूला सांगितलं होतं, तिच्या आईनं तिच्या सासूला. पोरीला काही येत नाही, लाडाची आहे, चुकलं माकलं सांभाळून घ्या, पदरात घ्या. समोरच्यानं म्हणायचं, छे हो, लाख गुणाची आहे. एवढं झालं की चहा येतो. यात खरं-खोटं कुणी बघत नाही.

तेच मी इटालियनमध्ये बसवलं. शब्दकोश घेऊन रोज दुपारी बसायचे. तीन आठवडे लागले. स्वयंपाकात पेस्सिमा, म्हणजे अगदीच वाईट. पसारा करण्यात 'इस्सिमा'. आळशी, तिथंही 'इस्सिमा'. सगळ्या घरात सगळ्यात हट्टी, हे 'ला पिउ' लावून. आणि पाचवं, धीर धरा, सांभाळून घ्या. पुण्याच्या मुलीनं वाचलं, हसली, म्हणाली, "काकू, एकही चूक नाही." तिला वाटलं मी गंमत करतेय. मला वाटलं मी जिंकले.

लेक आणि तो मुलगा यांच्याबरोबर विहीणबाई आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, केस आखूड कापलेले, तोंडभर हसणाऱ्या. दारातच माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, मी नुसती ताठ उभी. जेवायला भरली वांगी, भाकरी, शेंगदाण्याची आमटी, पुरणपोळी. प्रत्येक घासाला बाईंचं 'बुओनिस्सिमो!', म्हणजे फारच चवदार. वांग्याला बुओनिस्सिमो, पोळीला बुओनिस्सिमो, पापडाला बुओनिस्सिमो. पापड तर किराणा दुकानातला होता! मग खरंच आवडलं काय, हे कसं ओळखायचं? मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हे बाईंच्या पानात अजून एक पोळी वाढत होते.

त्यात बाईंनी मुलाच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांदेखत सांगितलं की माझा मुलगा जगात सगळ्यात चांगला आहे. अगदी त्याच्या तोंडावर! तोही लाजला नाही की 'गप गं आई' म्हणाला नाही, खुशाल भाकरी मोडत होता. मला मेलं कसंतरीच झालं. लोक स्वतःच्या पोराबद्दल असं बोलतात?

जेवणं झाल्यावर मी बाईंना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, नारळानं ओटी भरली. लेक शेजारी उभी राहून एकेक गोष्ट समजावून सांगत होती. मग मी तिला म्हटलं, "आता तू बोलू नकोस, मी बोलते." लेकीचे डोळे केवढे झाले! मी वर्ग लावलाय हे तिला ठाऊक नव्हतं, मुद्दाम लपवलं होतं. ती इतकी खुश झाली की तिनं मोबाईल काढून माझा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली.

मी खणखणीत आवाजात पाचही वाक्यं म्हटली. एकदाही अडखळले नाही.

दुसऱ्या वाक्याला लेकीचा मोबाईल खाली आला. विहीणबाईंचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि एकच शब्द विचारला, 'पेर्के?' का? मी वाट बघत होते 'छे हो'ची. ते आलंच नाही. मला वाटलं उच्चार चुकला, म्हणून चौथं वाक्य मी पुन्हा म्हटलं. काय अक्कल!

लेक ताटं उचलून आत गेली. विहीणबाई मांडीवरचा नारळ ह्यांच्या हातात देऊन तिच्या मागं. मी पण गेले. स्वयंपाकघरात फ्रीजपाशी माझी लेक त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि ती बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच सांगत होती, "ब्राविस्सिमा. ब्राविस्सिमा." मी दारात उभी राहिले. आत जाववेना आणि मागंही फिरवेना. आठवीनंतर लेक माझ्या खांद्यावर कधी रडलेली मला आठवत नाही. मला राग आला, खरं सांगते. कालची आलेली बाई, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या लेकीला! आणि राग नक्की कुणाचा आला तेही कळेना.

लग्नाला काही धोका नव्हता. आमच्याकडं असं म्हणायची रीत आहे, हे लेकीनं त्यांना समजावलं. बाई कपाळाला हात लावून हसल्या, मला येऊन पुन्हा गाल लावले. पण लेक माझ्याशी बोलेना. मीठ दे, गाडी आली, एवढंच. चार दिवसांनी ती परत जाणार होती. अशी जर ती गेली, तर आम्हा दोघींचं फोनवरचं बोलणं जन्मभर मीठ दे, गाडी आली एवढंच राहील, अशी मला भीती वाटू लागली.

"मी काय वाईट केलं हो?" ह्यांना विचारलं.

"रीतीनंच बोललीस," हे म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पर पोरगीला दुखलं न्हवं?"

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना वाईला नेलं. हे त्या दोघांना देऊळ दाखवायला गेले आणि लेक घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले.

"आपल्याकडं असंच म्हणतात, तुला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. आई, ती वाक्यं बसवायला किती दिवस लागले तुला?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे शब्दकोश घेऊन बसलीस, आणि माझ्यासाठी एक चांगला शब्द सापडला नाही?"

पायऱ्यांवर एक बाई कपडे आपटत होती, तिच्याकडं बघत बसले. मग म्हटलं, "ब्राविस्सिमा आहेस तू." हे सहज आलं. परक्या भाषेत बोलताना लाज वाटत नाही, का कोण जाणे.

"मराठीत म्हण."

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शाब्बास म्हणणारी मी, आणि मला एक वाक्य जुळवता येईना. आपल्या पोराचं तोंडावर कौतुक केलं की ते शेफारतं, हे मी कुठं शिकले आणि कधी, तेही आठवेना. शेवटी जे येईल ते बोलत सुटले. म्हटलं, तू हुशार आहेस. चौथीत असताना शेजारच्या आजींचा बंद पडलेला मिक्सर तू उघडून दुरुस्त केला होतास. तेविसाव्या वर्षी एकटी परक्या देशात गेलीस, आजारी पडलीस, आणि बरी झाल्यावरच आम्हाला सांगितलंस. माझ्यात एवढी धमक नव्हती गं. मला तुझा अभिमान वाटतो. लय वाटतो.

ती पाण्याकडं बघत ऐकत होती.

"हे सगळं तुला आज वाटलं?"

"आज कशाला? पहिल्यापासून!" मला एकदम बळ आलं. वाटलं, आता पटेल हिला. "अगं, शाळेत मधल्या सुट्टीत मी रोज तुझंच सांगायचे. त्या मिक्सरची गोष्ट तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पाठ होती. विचार कुणालाही. शिपाई मावशीसुद्धा सांगतील."

लेक माझ्याकडं वळली. डोळे भरले होते, पण आवाज अगदी शांत होता.

"तिथं मी नव्हते, आई."