अक्काला न पोचलेली मेल

बायको गेल्यावर मी शहराबाहेर, देवनहळ्ळीजवळच्या एका नव्या लेआउटमध्ये राहायला आलो. तिथे एकटा राहू नकोस, असं अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, परोपरीने सांगत होती. "तुझी परवानगी विचारली नाहीये मी," असं मी तिला तोडून बोललो. त्यानंतर चार महिने आमचं बोलणं बंद. आजूबाजूचे अर्धे प्लॉट रिकामेच होते. दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही "सरी सार", म्हणजे बरं साहेब, एवढं म्हणून चालू पडायचा.

दिवाळी जवळ आली तसा मी विरघळलो. फोन केला असता तर माझाच आवाज पुन्हा चढला असता, म्हणून मेल लिहिली. "चुकलो. भाऊबीजेला ये म्हणालीस तर येतो."

मेल पाठवायला माझं स्वतःचं यंत्र होतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळण्यात जन्म गेला; आपली पत्रं परक्या कंपनीच्या हाती कशाला द्या, या हट्टापायी मी घरातच मेल सर्व्हर थाटला होता. बायको त्याला सवत म्हणायची. जुन्या घरी दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट होतं, तिथे तो बिनतक्रार चालला.

उत्तर आलं नाही. भाऊबीजेला इस्त्रीचा सदरा घालून दुपारपर्यंत स्क्रीनकडे बघत बसलो, मग आदल्या दिवशीचं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला भात, खाऊन आडवा झालो. माफी मागितली तरी फुगून बसायचं म्हणजे काय! राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

दोन आठवड्यांनी जुन्या कारखान्याने एक कागद मागितला. तो मी केव्हाच मेलने पाठवला होता. तेव्हा कुठे शंका आली आणि मी इंटरनेटवाल्यांना फोन लावला.

"सार, घरच्या कनेक्शनला पोर्ट पंचवीस बंदच असतो. स्पॅममुळे," तिकडची मुलगी म्हणाली.

व्हायरस लागलेली घरगुती यंत्रं मालकाच्या नकळत ढिगाने स्पॅम सोडतात, म्हणून मेल थेट बाहेर जायची ती वाट हे लोक बंद ठेवतात. आपली मेल पासवर्ड देऊन त्यांच्या सर्व्हरमार्फत पाठवायची. यात त्यांची चूक काहीच नव्हती. मेल पोचली नाही, हे माझ्या यंत्राने मला कळवलंही होतं. पण तसल्या खोट्या सूचनांचा एकेकाळी भडिमार व्हायचा, म्हणून त्या परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय मीच करून ठेवली होती. येणारी मेल येत होती, आणि मला दुसऱ्या कुणाला फारसं लिहायचंच नसायचं. मग कळणार कसं?

अक्काला लगेच फोन केला. मेलमध्ये काय लिहिलं होतं, ती का पोचली नाही, पोर्ट, सर्व्हर, स्पॅम, सगळं धडाधड सांगून टाकलं. दोष माझा नव्हता, या आनंदात होतो मी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते पोर्टबिर्ट मला कळत नाही," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं न बोलावता येत होतास. या वर्षीच बोलावणं कशाला लागलं रे?"

"अगं, पण ती मेल..." मी पुन्हा सुरू केलं.

"संध्याकाळपर्यंत पाट मांडून ठेवला होता. मग गच्चीवर गेले, आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळून आले."