अमोलबरोबर आम्हीही भरती झालो

आमच्या घराण्यात विनोदाची परंपरा नाही. आजोबा शिक्षक, वडील शिक्षक, थोरला भाऊ शिक्षक आणि मीही शिक्षिका. जेवताना एकमेकांच्या चुका काढणं हीच आमची करमणूक! पण घरातलं एक पोरगं फौजेत गेलं आणि सांगण्यासारखं इतकं साठलं की आता कुणाच्याही लग्नात मी मांडवात टेकले की चार-पाच जण खुर्च्या ओढत जवळ येतात. "आत्या, तो कानाचा सांगा." "नाही, आधी दोरीचा." मी दोन्ही सांगते. मला काय, तोंडच चालवायचं.

आधी माणसं सांगते. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, लातूरला हायस्कुलात भूगोल शिकवायचे. वहिनी घर सांभाळायच्या आणि घरातले दादाही. अमोल त्यांचा एकुलता एक. मला नांदेडला दिलेली. आणि दादांच्या शेजारी क्लासवाले सर. भूकंपानंतर लातुरात दोनच गोष्टी झपाट्यानं वाढल्या, सिमेंटचे खांब आणि कोचिंग क्लास. सरांकडे दोन्ही होते.

त्या काळात लातुरात बाळ जन्मलं की पाहुणे विचारायचे, मुलगा की मुलगी. शेजारी विचारायचे, मेडिकल की इंजिनिअरिंग! अमोलचं मेडिकल ठरलेलं. बारावीला मार्क बरे पडले, पण मेडिकलच्या हिशोबात बरे म्हणजे नापासच. म्हणून एक वर्ष पुन्हा बसवला होता.

*

एके दिवशी दादांचा फोन आला. अमोल टेस्ट सिरीजसाठी नांदेडला येतोय, दोन दिवस तुझ्याकडे राहील. पोरगं आलं, जेवलं, झोपलं. सकाळी उजाडायच्या आत बूट घालून बाहेर. पेपरला बूट कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला वाटलं, लातूरची पोरं आहेत, काही सांगता येत नाही.

दहाच्या सुमाराला परत आला तो धुळीनं माखलेला. दंडावर शाईनं मोठा नंबर लिहिलेला. मी समजले, हॉल तिकीट विसरू नये म्हणून सरांनीच लिहून पाठवलं असणार.

"आत्या, पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंद!"

"एवढ्यात पेपर सोडवलास? आणि पुन्हा एकदा मागं जाऊन तपासलास का नाही?"

"मागं गेलो असतो तर सगळं मैदान पुढं गेलं असतं की!"

मी त्याला तूप-पोळी वाढली आणि दादांना फोन करून कळवलं की पेपर सोपा होता. या फोनबद्दल मला आजतागायत माफी मिळालेली नाही.

*

खरं काय ते अमोलनं त्याच संध्याकाळी लातूरला फोन करून सांगून टाकलं. फौजेच्या भरतीत धावण्यात पास झालोय, उद्या मेडिकल आहे. तिकडून वहिनींनी फोन घेतला आणि मला बोलावलं.

"वन्सं, तिथल्या डॉक्टरला सांगा. त्याला न्हानपणी निमोनिया झालता. गोवर झालता. सायकलवरून पडलाय. पोटात लई दुखतं त्याच्या."

ह्याच वहिनी गल्लीभर सांगत फिरायच्या, माझ्या लेकराला कधी साधी सर्दी न्हाई! मी फोन ठेवला. पण आईचा जीव, देवानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी फौजेच्या डॉक्टरनं अमोलला बाजूला काढलं. कारण काय, तर कानात मळ!

वहिनींनी गल्लीत शिरा वाटला. मुलगा नापास झाला म्हणून शिरा वाटल्याची लातूरच्या इतिहासातली ती पहिली आणि शेवटची घटना. गडबड एवढीच की कागदावर पुढं लिहिलं होतं, कान साफ करून आठ दिवसांत पुन्हा या. आत्या म्हणून मी काय करायचं? पोरगं डोळ्यांत पाणी आणून बसलेलं. नेलं कानाच्या डॉक्टरकडे. दहा मिनिटांचं काम.

वहिनींना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फार शांतपणे म्हणाल्या, "अठरा वर्षं मी बोंबलत राहिले, कान साफ कर, कान साफ कर. त्यानं ऐकलं न्हाई म्हणून कुठं देव पावला होता. तर तुम्ही साफ केला!"

*

मग लेखी परीक्षा झाली. मेरिट लिस्ट लागली. अमोलचं नाव चांगलं वर होतं.

दादा पहिल्या एसटीनं नांदेडला हजर. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात बालवाडीपासूनची सगळी गुणपत्रकं. भरतीच्या टेबलामागे एक वयस्कर मराठी हवालदार बसले होते. दादा म्हणाले, "रिचेकिंगचा अर्ज द्यायचाय."

हवालदारांनी यादी पाहिली. "गुरुजी, तुमचा मुलगा पास आहे."

"म्हणूनच आलोय. कुठंतरी चूक झाली असणार. बेरीज पुन्हा करून बघा. दोन-चार मार्कांचा तर प्रश्न आहे, खाली सरकेल."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "इथं रोज माणसं येतात, नाव वर घाला म्हणून. कुणी आमदाराची चिठ्ठी आणतं, कुणी रडतं. नाव खाली घ्या म्हणणारे तुम्ही पहिलेच." मग त्यांनी दादांकडे, फाइलकडे आणि पुन्हा दादांकडे पाहिलं. "लातूरचे का?"

दादांनी फाइल बगलेत मारली आणि मला तिथंच सोडून लातूरची एसटी धरली.

*

अमोल ट्रेनिंगला गेला आणि तीन महिन्यांनी दादा-वहिनी त्याला भेटायला निघाले. दोन दिवस, दोन रात्री रेल्वे. दादांच्या डोक्यात हॉस्टेल होतं. हॉस्टेलला कसं, महिन्यातून एकदा पालक जातात, वर्गशिक्षकांना भेटतात, प्रगती विचारतात.

गेटवर बरीच हुज्जत घालून शेवटी अमोलच्या उस्तादांची भेट मिळाली. उस्ताद म्हणजे शिकवणारे हवालदार. सहा फूट उंच, मिशा अशा की वहिनींनी आपसूक पदर डोक्यावर घेतला. दादांनी आमच्याकडच्या हिंदीत सुरुवात केली.

"लडका पहले पाँच में है क्या?"

"ठीक है, मास्टरजी. मेहनती है."

"ठीक मतलब कितना टक्का?"

उस्ताद नुसते हसले. दादांना वाटलं, लपवतायत. "कौनसा विषय कच्चा है?"

उस्तादांनी जरा विचार केला. "रस्सी. रस्सी चढने में ढीला है."

दादांनी डायरी काढून 'दोरी' असं लिहून घेतलं. मग आवाज खाली आणून, लातूरचा कुठलाही बाप जे विचारेल ते विचारलं, "उसकी अलग से ट्यूशन लग सकती है क्या?"

"लगी हुई है, मास्टरजी," उस्ताद म्हणाले. "रोज सुबह चार बजे. अकेला वही है बैच में."

दादा फार समाधानानं परत आले. पर्सनल अटेन्शन आहे म्हणाले!

*

हा अगदी छोटा. ट्रेनिंग संपून अमोल युनिटवर गेला आणि त्याच्या पत्रांवर गावाचं नावच येईना. नुसतं केअर ऑफ छप्पन एपीओ. दादांनी तीस वर्षं नकाशा शिकवलेला. ॲटलास काढला, भिंग काढलं, सूची चाळली. काश्मीर पाहिलं, आसाम पाहिलं. तालुक्याचं ठिकाण नसेल म्हणून बारीक अक्षरातली गावंही पाहिली. शेवटी पोस्टमननं सांगितलं की ते गाव नाही, फौजेचं पोस्ट ऑफिस आहे, कुठं आहे ते कुणालाच सांगत नाहीत.

शाळेत मुलांनी विचारलं, "सर, अमोलदादा कुठं असतो?"

भूगोलाचे सर म्हणाले, "अभ्यासक्रमाबाहेर आहे."

*

आता एक किस्सा असा की तो किस्सा नाही. मला सगळीकडे विचारतात, एवढ्या अभ्यासू घरातलं पोरगं तिकडं गेलंच कसं? त्याचं उत्तर भूकंपात आहे.

वहिनींचं माहेर औशाकडचं. दगडमातीचं गाव, एका पहाटेत बसलं. अमोल तेव्हा दहाचा. घरी कुणाजवळ ठेवायची सोय नव्हती म्हणून वहिनी त्यालाही घेऊन गेल्या. तिथं बघायला जिल्हा लोटला होता. पुढारी यायचे, फोटो निघेपर्यंत हात जोडून उभे राहायचे. बिस्किटांचे पुडे तर इतके आले की वासरांनीही तोंड फिरवलं. दगड उचलत होते ते फौजेचे जवान. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींच्या आईला बाहेर काढलं. एकानं स्वतःची चादर तिच्यावर घातली, अमोलला पाणी पाजलं आणि मग ट्रकच्या मागं जाऊन रडला. अमोलनं ते पाहिलं. मला त्यानं पुढं कधीतरी सांगितलं, "आत्या, सगळे बघत होते. ते तेवढे उचलत होते."

हे मी एकदा वहिनींना ऐकवलं. वाटलं, जरा अभिमान वाटेल, जीव शांत होईल. त्या भाकरी थापत होत्या.

"मला कुणी सांगू नका ते कोण असतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला त्यांनी काढलंय. दुसऱ्याची मढी उचलणारं काम हाय ते, आन् कधी आपलंबी उचलावं लागतं. त्यांच्या पाया पडीन मी. पर माझं लेकरू न्हाई द्यायचं मला."

देऊन तर झालं होतं. मी तिथून उठले, कारण मलाही रडू येत होतं आणि आमच्या घरात तशी पद्धत नाही.

*

पुन्हा क्लासवाले सर. अमोल भरती झाला तेव्हा सर नव्या बॅचला सांगायचे, "अभ्यास करा, नाहीतर शेजारच्या अमोलसारखे वाया जाल." दारावर त्यांचा भला मोठा बोर्ड, 'आमचे मानकरी', त्यात नुसते भावी डॉक्टर.

मग एका वर्षी सीमेवर सगळी फौज नेऊन उभी केली. टीव्हीवर दिवसभर तेच. गावात देशप्रेमाला एकदम भरती आली आणि सरांना आठवलं की अरे, अमोल आपलाच विद्यार्थी! त्यांनी कुठूनतरी त्याचा दहावीतला फोटो मिळवला, मोठा केला, बोर्डाच्या मधोमध लावला. खाली 'आमच्या क्लासचा वीर'. आणि उत्साहाच्या भरात फोटोला झेंडूचा ताजा हार घातला!

वहिनी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. पंधरा दिवस अमोलचं पत्र नव्हतं. त्यांनी वरून तो हार पाहिला.

त्या जिना कशा उतरल्या ते त्यांनाही आठवत नाही. अनवाणी रस्त्यावर आल्या, बोर्डासमोर उभ्या राहिल्या. सर हसत बाहेर आले. "वहिनी, कसा वाटला सत्कार?"

वहिनींनी सरांकडे पाहिलं. स्टुलावर चढल्या, हार ओढून काढला, खाली उतरल्या आणि दीडशे मुलांसमोर सरांच्या गळ्यात घातला.

"तुमचा बी फोटू काढून घ्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर पुन्हा सगळे डॉक्टरच होते.

*

ह्यानंतर मी कधी काही सांगत नाही, हा शेवटचा.

त्याच वर्षाअखेर अमोल सुट्टीवर आला. मीही भेटायला लातूरला गेले होते. सुट्टी संपली की तो वर बर्फात जाणार होता, हे त्यानं मला सांगितलं होतं, घरी नाही. घरी सगळ्यांना ठाऊक होतं.

जायच्या आदल्या दुपारी त्यानं बॅगेतून एक कागद काढला. युनिटवर जमा करायचा होता. आता लातुरात फॉर्म भरणं हे शास्त्र आहे आणि दादा त्या शास्त्रातले पंडित. जून महिन्यात अर्धी गल्ली आमच्या ओसरीत फॉर्म घेऊन बसलेली असते. काळं पेन, एकेका चौकोनात एकेक अक्षर. तीस वर्षांत दादांच्या हातून एक खाडाखोड झालेली नाही, आणि हे ते स्वतःच सांगतात. त्यामुळे अमोलनं कागद भरायचा प्रश्नच नव्हता.

"आण इकडे. तुमचं अक्षर डॉक्टरचं, डिग्री तेवढी राहिली," दादा म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. फॉर्म वरून खाली वाचला, मग पुन्हा वरून खाली. सैनिकाचं काही बरंवाईट झालं तर वारस कोण, त्याची नोंद होती ती. वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. दादा अर्धा तास लिहीत होते. फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद अमोलच्या हातात दिला.

अमोल वाचू लागला आणि हसला.

"बाबा, उलटं झालं की! सैनिकाच्या रकान्यात तुम्ही तुमचं नाव लिहिलंय. आणि खाली वारस म्हणून माझं."

"बघू."

दादांनी कागद घेतला. पहिल्या ओळीपासून सावकाश वाचला. रकाने बोटानं एकेक करून तपासले. मग पेनला टोपण लावलं आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"क्रम बरोबर आहे," ते म्हणाले.