जाळीचा पारखी

भरीव वस्तूंचा माझ्या आतेभावाइतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत तो गुडघ्याची झिजलेली कूर्चा पुन्हा वाढवायच्या खटपटीत असतो. स्पंजासारखा सच्छिद्र सांगाडा बनवायचा, त्यात पेशी सोडायच्या, त्यांनी आत शिरून संसार थाटायचा आणि मग सांगाड्याने गुपचूप विरघळून जायचं, असा एकूण बेत. पण कधी पेशी दारातच अडतात, तर कधी संसार लागायच्या आधीच घर विरघळतं. म्हणून हा गडी दिसेल त्या भोकाकडे आशेने बघत असतो.

पाव हातात आला की आधी फाडून आत डोकावतो. धर्माबादला एका लग्नात याने इडलीचे पातळ काप करून उजेडात धरले, तेव्हा वाढपी घाबरून आचाऱ्याला बोलवायला धावला. दिवाळीत माझ्या बायकोने लातूरला याच्यापुढे अनारसे ठेवले. याने खिशातून भिंग काढलं.

"वहिनी, वरून जाळी लई झकास पडली हाय. पण आतली भोकं एकमेकाला जोडलेली न्हाईत. पेशी जाईल कुठं?"

"तुमच्या पोटात," असं म्हणून तिने ताट उचललं. तेव्हापासून आमच्याकडे त्याला फक्त चिवडा मिळतो.

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण जळकोटला राहणारी माझी आत्या, म्हणजे त्याची आई, दोन्ही गुडघ्यांनी बेजार झाली होती. डॉक्टर सांधे बदला म्हणत होते आणि ती गावभर सांगत होती, "माझं पोरगं गुडघा करून राहिलंय. लोखंडाचा कशाला बसवू?" शेवटी तिला न्हाणीपर्यंत जाणंही होईना. भोकांवर तासभर बोलणाऱ्या या माणसाला आईशी एक वाक्य बोलायला माझी सोबत लागली.

"माय, माझा गुडघा एवढ्यात व्हायचा न्हाई. तू ऑपरेशन करून घे."

"किती दिस लागतील?"

"सांगता येत न्हाई."

मला फार वाईट वाटलं, दोघांचंही. मग आत्या मुकाट्याने लातूरच्या दवाखान्यात आली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही करून टाकू.

"उजवा करा," आत्या म्हणाली. "डावा माझ्या लेकासाठी ठेवलाय."

डावा अजून दुखतो. त्याच्यासमोर मात्र ती कधी हूं की चूं करत नाही.