नाईट शिफ्टवाल्याची पुस्तकं

आमच्या भिलाईत दिवसाढवळ्या झोपलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही. पोलादाचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो, त्यामुळे भर दुपारी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेला माणूस म्हणजे रात्रभर भट्टीपाशी घाम गाळून आलेला माणूस, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्याच्या घरावरून जाताना लोक चपला फटकारत नाहीत. अशा गावात डिप्रेशन येणं फार सोयीचं आहे, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझंही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी घरी बसून कॉम्प्युटरवर एका परदेशी कंपनीचं काम करायचो आणि ते खरोखरच रात्री असायचं. मग आधी मन सुटलं, पाठोपाठ काम सुटलं. झोपायची वेळ मात्र तीच राहिली, आणि हळूहळू ती दिवसभर पसरली.

बाबा कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवरून, रिटायर झाले. सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर सोडून गावाकडेच्या कोहका वस्तीत घर बांधलं, पण शिफ्टची शिस्त सामानासोबत घेऊन आले. माझ्या झोपेची ड्यूटी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली. आईनं मिक्सर लावला की स्वयंपाकघरात हजर. "पोरगं नाईट करून आलं, अन् तुले चटणीचं पडलं?" दुपारी गल्लीत "लाल भाजी, चेच भाजी" असं गाणं म्हणत एक भाजीवाली यायची. बाबा रोज फाटकाशी उभे राहून तिला तोंडावर बोट ठेवून दाखवायचे. बाई आमच्या घरापुरती गप्प व्हायची आणि कोपरा वळली की दुप्पट जोरानं ओरडायची.

मी आत पांघरुणाखाली जागाच असायचो. छताकडे बघत. बाबांनी राखलेल्या शांततेत मला स्वतःचीच लाज वाटायची आणि रडू यायचं, तेही आवाज न करता, कारण घरात नाईट शिफ्टवाला झोपलेला होता ना.

बाबांना खरं सांगायचं होतं, पण सांगायचं कसं हेच कळत नव्हतं. मला प्रत्येक गोष्ट पुस्तकातून शिकायची खोड. पोहणंही मी आधी पुस्तकातूनच शिकलो होतो. अजून पोहता येत नाही, तो भाग वेगळा. तर ठरवलं, की डिप्रेशनवरचं एखादं कामाचं पुस्तक गाठायचं आणि त्यात लिहिलं असेल तसं बोलून मोकळं व्हायचं.

पहिलं फोनवरून मागवलं. पिवळंधमक कव्हर आणि त्यावर बत्तीशी दाखवणारा लेखक. पहिल्याच पानावर त्यानं मला पहाटे उठवून गार पाण्यानं आंघोळ घालून समुद्रकिनारी चालायला पाठवलं. त्या दिवसांत मी आंघोळ हा शब्द वाचूनच दमायचो. शिवाय आमच्याकडून समुद्र गाठायचा तर आख्खा ओडिशा ओलांडावा लागतो. आमचा मरोदा तलाव चालेल का, याबद्दल लेखक काही बोलत नव्हता.

दुसऱ्या पुस्तकात म्हटलं होतं, आपल्या दुःखाचं चित्र काढा. मी काढलं. ते बटाट्यासारखं आलं. रंगवलं तर आणखीच बटाटा झाला. आईच्या ते नजरेस पडलं आणि तिनं संध्याकाळी बटाट्याची रस्साभाजी केली. भाजी छान होती, पण उपचार म्हणून काही उपयोग झाला नाही.

शेवटी मराठी मंडळात गेलो. तिथं पुस्तकांचं एक कपाट आहे आणि कपाटासमोर एक काका आहेत. मी म्हटलं, मन उदास राहतं त्यावर काही आहे का, एका मित्रासाठी पाहिजे. काकांनी उशीएवढी जाड कादंबरी काढली. "हे दे त्याले. यात सगळे मरतेत. मंग त्याले आपलं दुःख लहान वाटन."

मी म्हटलं, एवढं जाड मित्राच्यानं वाचवणार नाही. काकांनी चष्मा नाकावर ओढून माझ्याकडे पाहिलं. "तुह्या मित्रानं दाढी कधी केली होती?"

मी गालावरून हात फिरवला. काकांनी मागच्या रांगेतून एक पातळसं पुस्तक काढलं. कडा मऊ पडलेल्या, पानं वाचून वाचून सैल झालेली. "हे कोनी घरी नेत नाही," ते म्हणाले. "इथंच कपाटाच्या दाराआड उभे राहून वाचतेत. अर्धं मंडळ वाचून गेलं. तू ने."

ते पुस्तक शहाणं होतं. त्यात गार पाणी नव्हतं, समुद्र नव्हता, हसणारा लेखक तर नव्हताच. आज नुसते दात घासले तरी आजचा दिवस वाया गेला नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मी उठून दात घासले. पुढं लिहिलं होतं की डॉक्टरला दाखवा, आणि त्याआधी घरातल्या एका माणसाला सांगा. सांगायचं वाक्यही दिलं होतं: मी सध्या एका कठीण काळातून जात आहे आणि मला तुमच्या साथीची गरज आहे. आमच्या घरात आजवर इतकं नटवून-सजवून कुणी बोललेलं नाही. मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसमोर ते वाक्य घोकलं. टाकीनं शांतपणे ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आलो. बाबा व्हरांड्यात पेपर तोंडासमोर धरून पहाऱ्यावर बसले होते. मी सुरुवात केली, "बाबा, मी सध्या एका कठीण काळातून..."

"हळू बोल," बाबा पेपरामागून म्हणाले. "पोरगं झोपून राहिलं आत."

मग पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोलीच्या दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मला हसू फुटलं आणि त्या हसण्यात घोकलेलं वाक्य वाहून गेलं. उरलं ते आपल्या भाषेत बाहेर पडलं.

"मी नाईट नाही करून राहिलो, बाबा. काम केव्हाचंच सुटलं. झोपत बी नाही. नुसता पडून राहतो. उठायचं म्हटलं का रडू येते."

बाबांनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. "इतके दिवस एकटाच पडून राहिला?"

"हो."

"मले कावून नाही सांगितलं?"

"तुमी इतकी झोप सांभाळून राहिले होते माही. कसं सांगू?"

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "कोक ओव्हनमधे गॅस असला का एकट्याले आत सोडत नव्हते," ते म्हणाले. "एक जन आत जाये, दुसरा दारात उभा राहे. आत काय चाललं ते त्याले समजो नाही समजो, उभा राहे."

सोमवारी ते माझ्यासोबत दुर्गला डॉक्टरकडे आले. मोठ्या रिपेअरला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, घाई करू नका. बाबांना ते पटलं. घाईत केलेल्या रिपेअरवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. गोळ्यांची पिशवी त्यांनी घरापर्यंत स्वतःच्या हातात धरली.

त्यानंतरच्या दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी व्हरांड्यातली खुर्ची उचलून माझ्या खोलीच्या दाराशी आणून ठेवली. "तू पड. मी हाय." मग ते पातळ पुस्तक घेऊन, ओळीखाली बोट ठेवून वाचायला बसले. दुसरं पान उलटलं नसेल तेवढ्यात बोट थांबलं, पुस्तक पोटावर आलं आणि घोरणं सुरू झालं. मी पडल्यापडल्या त्यांच्याकडे बघत होतो. आयुष्यभर तीन पाळ्यांत तुकड्यातुकड्यांनी झोपलेला माणूस, पहाऱ्यावर असताना गाढ झोपला होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून आवाज आला, "लाल भाजी, चेच भाजी..."

फाटकाशी कुणीच नव्हतं. मी पांघरूण फेकलं, खुर्चीला धक्का न लावता बाजूनं निसटलो आणि तापलेल्या अंगणातून अनवाणी नाचत फाटक गाठलं. तोंडावर बोट ठेवलं. भाजीवाली थबकली, माझ्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं आणि कुजबुजत विचारलं, "कोन सुते हे?" कोण झोपलंय, असं तिच्या छत्तीसगढीत.

"बाबा," मी म्हटलं.

ती टोपली सावरत चपला न वाजवता पुढं गेली. मी आत आलो, पण पलंगावर गेलो नाही. बाबा घोरत होते, म्हणून दारात उभा राहिलो.